लॅबमधलं सॉफ्टवेअर ‘जुनं’ का दिसतं? आवृत्तीचा आकडा किती वाचायचा आणि किती सोडून द्यायचा

गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातल्या एका हायस्कूलमध्ये कॉम्प्युटर शिकवणाऱ्या टीचरनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा. लॅबमधल्या सगळ्या मशीनवर डेबियन 12 हे लिनक्स आहे. मुलांच्या घरी विंडोजवर गिम्प 3 (चित्रं सुधारायचं सॉफ्टवेअर) असतं, लॅबमध्ये 2.10. लिबरऑफिस या ऑफिसच्या कामाच्या सॉफ्टवेअरच्या पॅकेजसमोर (पॅकेज म्हणजे मशीनवर बसवायचा सॉफ्टवेअरचा तयार गठ्ठा) ‘4:7.4.7-1+डेब12यू5’ असं काहीतरी दिसतं, आणि यातला खरा आकडा 4 की 7 की 12, असं मुलं विचारतात. शिवाय आयटीत नोकरी करणाऱ्या एका पालकांनी लॅबमधलं ओपनएसएसएच 9.2 (एका मशीनवरून दुसऱ्यावर लॉगिन करण्याचं साधन) बघून ‘हे धोकादायक आहे, ताबडतोब बदला’ असं बजावलं. हे आकडे नवशिक्यांसाठी सोपे करता येणार नाहीत का?

टीचर, आकडे फारसे सोपे होणार नाहीत. त्यातली प्रत्येक खूण कुठल्या तरी खऱ्या अडचणीतून आलेली आहे, आणि ती काढली की अडचण परत येते. पण नवशिक्याने त्यातलं किती वाचायचं, हे मात्र खूप कमी करता येतं. मी लॅब लावून देतो तेव्हा शिक्षकांना एकच सवय लावायला सांगतो: ‘कितवी आवृत्ती?’ हा प्रश्न नंतर, आधी ‘हे पॅकेज कुणाकडून आलं आणि त्यात भोक सापडलं तर बुजवणार कोण, कधीपर्यंत?’ हे विचारा. याचं उत्तर मिळालं की आकडा मोठा की छोटा याची काळजी बरीचशी आपोआप संपते. (कमांडी इथे उच्चाराप्रमाणे लिहितोय, टर्मिनलवर अर्थातच रोमन अक्षरांत टाइप करायच्या.)

पालकांच्या मुद्द्यापासून सुरुवात करू, कारण तिथे भीती आहे आणि भीतीपोटी लोक चांगलं चाललेलं मशीन बिघडवतात. त्यांचं म्हणणं हवेतलं नाही. 1 जुलै 2024 रोजी ओपनएसएसएचमधली एक गंभीर त्रुटी जाहीर झाली. 2006 मध्ये बुजवलेलं भोक पुढे 8.5 या आवृत्तीपासून नकळत पुन्हा उघडं पडलं होतं, आणि ते क्वालिस कंपनीच्या संशोधकांनी शोधलं. मूळ प्रकल्पाने दुरुस्ती दिली ती 9.8 मध्ये. त्यामुळे 9.2 दिसलं की माणूस हिशोब करतो: 9.2 म्हणजे 9.8 च्या आधीचं, म्हणजे भोक आहे.

डेबियन 12 मध्ये 9.8 कधी आलंच नाही. डेबियनच्या लोकांनी 9.8 मधली तेवढी दुरुस्ती उचलून आपल्याकडच्या 9.2 मध्ये बसवली आणि ‘1:9.2पी1-2+डेब12यू3’ या नावाने पॅकेज त्याच दिवशी सोडलं. शेपटीतला ‘डेब12यू3’ म्हणजे डेबियन 12 साठी या पॅकेजवर केलेली तिसरी सुधारणा. पुढचा 9.2 हलत नाही, शेपटी हलते. म्हणून पालकांना सांगायचं असेल तर पुढचा आकडा दाखवू नका, शेपटी दाखवा. यू3 किंवा त्यापुढचं काहीही असेल तर ती त्रुटी बुजलेली आहे.

पुरावा हवा असेल तर ‘ॲप्ट चेंजलॉग ओपनएसएसएच-सर्व्हर’ ही कमांड द्या (ॲप्ट म्हणजे डेबियनवर पॅकेजं आणून बसवणारं साधन). पॅकेजमध्ये कधी, कुणी, काय बदललं याची नोंदवही उघडते आणि त्यात ‘सीव्हीई-2024-6387’ हा त्रुटीचा क्रमांक सापडतो. ही कमांड नेटवरून माहिती आणते. वाळपईच्या पुढे पावसात नेटचा भरवसा नसतो, पण तशीच नोंदवही प्रत्येक पॅकेजबरोबर मशीनवरही आलेली असते: ‘यूएसआर’, ‘शेअर’, ‘डॉक’ या वाटेने आत गेलात की पॅकेजच्या नावाचं फोल्डर आणि त्यात ‘चेंजलॉग.डेबियन’ नावाची आकसलेली फाइल. ‘झेडलेस’ने ती थेट वाचता येते. नववीतल्या एखाद्या चौकस मुलाला ही फाइल एकदा दाखवाच. सॉफ्टवेअर माणसं दुरुस्त करतात, सही-तारखेसह करतात, हे पुस्तकात वाचून कळत नाही. आणि जाता जाता: मुलांच्या मशीनवर एसएसएचचा सर्व्हर चालू असण्याची गरज नसेल तर तो काढूनच टाका, वादच मिटला.

आता लिबरऑफिसची ती लांबलचक ओळ. वाचायला मधून सुरुवात करा. कोलनच्या पुढचं आणि शेवटच्या आडव्या रेघेच्या आधीचं, म्हणजे 7.4.7, हा लिबरऑफिस बनवणाऱ्यांनी दिलेला आकडा. मुलांना उत्तर द्यायचं ते एवढंच: आपल्याकडे 7.4.7 आहे. शेवटच्या रेघेनंतरचं सगळं डेबियनचं, ते वर सांगितलं. राहिला कोलनच्या आधीचा 4.

तो 4 म्हणजे क्रमवारी सावरण्यासाठी डेबियनने लावलेला आकडा. समजा एखादा प्रकल्प तारखेवरून आवृत्ती देत होता, 20190514 अशी, आणि एक दिवस त्यांना वाटलं की आता रीतसर 1.0 म्हणू. मशीनच्या हिशोबाने 1.0 हे दोन कोटींहून फारच लहान. अपडेट मिळणारच नाही. मग डेबियन पुढे ‘1:’ लावतं. ज्याच्या पुढचा हा आकडा मोठा ते पॅकेज नवं, बाकी काही बघायचं नाही. एकदा लावला की तो उतरवता येत नाही, म्हणून लोक तो नाइलाजानेच लावतात. लिबरऑफिसने स्वतः 2024 मध्ये 7.6 नंतर एकदम 24.2 वर उडी मारली, वर्ष आणि महिना. ती वरच्या दिशेने होती म्हणून निभावलं. नवशिक्याने कोलनसकट हा आकडा झाकून ठेवावा. गंमत म्हणजे डेबियनच्या भांडारातल्या, म्हणजे नेटवर जिथून पॅकेजं येतात तिथल्या, फाइलींच्या नावातही तो नसतो. मशीनवर उतरवलेल्या पॅकेजांच्या फोल्डरमध्ये मात्र कोलनऐवजी ‘%3ए’ दिसतं आणि मुलांना वाटतं फाइल खराब झाली. खराब झालेली नसते.

तुलनेचा नियम समजावताना सगळ्यात मोठी अडचण दशांशाची येते. गणिताच्या तासाला 1.10 हे 1.9 पेक्षा लहान, इथे मोठं. गोव्यात हे समजावणं सोपं आहे: घरच्यांकडून एक-चौदाचा उतारा मागवा. सर्व्हे नंबर 45, पोटविभाग 9, मग 10, मग 11. 45/10 हा 45/9 च्या नंतरचा तुकडा आहे हे शेतकऱ्याच्या पोराला शिकवावं लागत नाही. आवृत्तीतही टिंबाच्या दोन बाजूंना दोन वेगळे पूर्णांक असतात, एवढंच. मग वर्गात ‘डीपीकेजी --कंपेअर-व्हर्जन्स 1.10 जीटी 1.9 && एको हो’ असं देऊन पाहा; ‘हो’ छापून येईल. जीटीच्या (‘मोठं’) जागी एलटी (‘लहान’) घातलं की काहीच छापून येणार नाही. मुलं अर्धा तास आकडे घालून खेळतात आणि नियम त्यांचा तेच शोधतात.

या खेळात एक खूण जरूर घाला, ती म्हणजे ‘~’. डेबियनच्या नियमात ही खूण ‘काहीच नसण्या’पेक्षाही लहान असते. ‘3.0~आरसी1’ हे ‘3.0’ च्या आधी येतं, म्हणजे चाचणीची आवृत्ती पक्क्या आवृत्तीच्या मागे राहते. खूण न घालता ‘3.0आरसी1’ लिहिलं तर उलटं होतं, चाचणीचीच आवृत्ती नवी ठरते. हे बारीक वाटेल, पण तुमच्या लॅबमध्ये ही खूण रोज समोर आहे. फायरफॉक्सचं पॅकेज पाहा: ‘128.5.0ईएसआर-1~डेब12यू1’ असं काहीतरी दिसेल. ओपनएसएसएचला ‘+डेब12’ आणि फायरफॉक्सला ‘~डेब12’ का?

ओपनएसएसएचमध्ये जुन्यावर ठिगळ लावलेलं आहे, म्हणून अधिक. फायरफॉक्सचं तसं करता येत नाही. ब्राउझर इतका मोठा आणि इतक्या वेगाने बदलणारा आहे की जुन्या आवृत्तीला वर्षानुवर्षं ठिगळं लावणं डेबियनलाही झेपत नाही. म्हणून तिथे अपवाद केलाय: फायरफॉक्स बनवणाऱ्या मोझिलाची दीर्घ पाठिंब्याची आवृत्तीच पूर्ण घेतात. डेबियन 12 आलं तेव्हा त्यात 102 होतं, मग 115, मग 128. म्हणजे पुढच्या डेबियनसाठी तयार केलेलं पॅकेज 12 साठी पुन्हा बांधलेलं. ते पुढच्या डेबियनमधल्या पॅकेजपेक्षा किंचित लहान ठरायला हवं, नाहीतर उद्या 13 वर जाताना गोंधळ होईल. म्हणून ‘~’. एवढ्याशा खुणेत अख्खं धोरण आहे. मला स्वतःला ही पद्धत सुंदर वाटते. पण सहावीच्या मुलाला ती सुंदर वाटावी असा आग्रह नको.

‘नवं ते चांगलं’ या समजुतीवर उतारा म्हणून मी नेहमी एक्सझेडची गोष्ट सांगतो. एक्सझेड हे फाइली आकसण्याचं साधन, जवळजवळ प्रत्येक लिनक्समध्ये असतं. त्याच्या 5.6.0 आणि 5.6.1 या आवृत्त्यांत, फेब्रुवारी-मार्च 2024 मध्ये, कुणीतरी मुद्दाम चोरदरवाजा घुसवला. ती व्यक्ती बाहेरून आलेली घुसखोर नव्हती. दोनेक वर्षं मन लावून काम करून तिने प्रकल्पात विश्वास कमावला होता. 29 मार्च 2024 रोजी आंद्रेस फ्रॉइंड या प्रोग्रामरने ते उघड केलं. त्यांना एसएसएचने लॉगिन करताना अर्धा सेकंद जास्त लागतोय असं वाटलं आणि त्यांनी तो अर्धा सेकंद सोडून दिला नाही. ज्यांनी हौसेने सगळ्यात ताजं घेतलं होतं, त्यांच्या मशीनवर चोरदरवाजा होता. डेबियन 12 वाल्यांकडे 5.4.1 होतं, ‘जुनं’. त्यांना काहीच करावं लागलं नाही.

मग डेबियनच्या चाचणीच्या शाखांत, जिथे 5.6.1 पोचलं होतं, मागे कसं जायचं? आकडा मागे जाऊ शकत नाही, ॲप्ट लहान आकड्याला अपडेट मानत नाही. तेव्हा त्यांनी पॅकेजला नाव दिलं ‘5.6.1+रिअली5.4.5-1’. वरून 5.6.1, आत खरोखर 5.4.5. कोलनवाला आकडा कायमचा चिकटतो, हा तसा चिकटत नाही. पुढे खरंच 5.6.2 आलं की विषय संपतो. मुलांना हे नाव एकदा फळ्यावर लिहून दाखवा. या ओळी काय काम करतात ते त्यानंतर वेगळं सांगावं लागत नाही.

कर्नलबद्दल, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याबद्दल, एक इशारा, कारण तिथे अनुभवी माणसंही फसतात. ‘यूनेम -आर’ दिलं की ‘6.1.0-18-एएमडी64’ असं काही येतं आणि लोक म्हणतात, अरे, 6.1.0 म्हणजे पहिलाच. तो 0 शोभेचा आहे. ‘यूनेम -व्ही’ द्या, त्यात खरा आकडा असतो. या उदाहरणात 6.1.76. आणि पहिला आकडा कधी बदलतो याला कर्नलमध्ये तांत्रिक अर्थ नाही. 2011 मध्ये 2.6.39 नंतर थेट 3.0 आलं ते कर्नलचे जनक लिनस टॉरवाल्ड्सना आकडे फार लांबले असं वाटलं म्हणून. उलट काही प्रकल्प पहिला आकडा फक्त जुनं मोडणारा बदल झाल्यावरच वाढवतात, आणि टेक्ससारखं (पुस्तकांची अक्षरजुळणी करणारं) एखादं सॉफ्टवेअर प्रत्येक दुरुस्तीला गणितातल्या पाय (π) या संख्येचा आणखी एक अंक घेतं. 2021 पासून त्याची आवृत्ती 3.141592653 आहे. म्हणून दोन वेगळ्या सॉफ्टवेअरचे आकडे एकमेकांशी ताडून बघण्यात अर्थ नसतो.

आता कामाचं. गिम्प 3 मुलांना हवंय, ते मार्च 2025 मध्ये आलं. डेबियन 12 त्याच्या जवळजवळ दोन वर्षं आधीचं, म्हणून त्यात 2.10.34. कुठल्यातरी साइटवरून डेब फाइल (सुटं पॅकेज) उतरवून बसवू देऊ नका. अशा फाइली बहुधा दुसऱ्याच वितरणासाठी, म्हणजे लिनक्सच्या दुसऱ्याच प्रकारासाठी, बांधलेल्या असतात आणि ‘लिबएसएसएल1.1 बसवता येत नाही’ यासारखा संदेश येतो. मग मूल ती लायब्ररीही (सॉफ्टवेअरला लागणारा सामायिक भाग) कुठूनतरी आणतं. त्या लायब्ररीला पुढे दुरुस्त्या कोण देणार? कुणीच नाही. सुरुवातीच्या प्रश्नाचं उत्तर ‘कुणीच नाही’ असं येतं तिथे थांबायचं. डेबियन 13 ची भांडारं 12 मध्ये मिसळणं हा याचाच मोठा भाऊ. सहा महिने छान चालतं आणि मग प्रॅक्टिकलच्या आदल्या दिवशी स्क्रीन काळी.

सरळ मार्ग फ्लॅटपॅकचा, म्हणजे कुठल्याही लिनक्सवर चालणाऱ्या स्वतंत्र पॅकेजांचा. फ्लॅटहब या त्यांच्या भांडारावरून गिम्प 3 घ्या, ते आपल्या लायब्ररींसह वेगळं राहतं आणि खालच्या डेबियनला हात लावत नाही. दोन्ही गिम्प एका मशीनवर सुखाने नांदतात. पहिल्या वेळी रनटाइमसकट (चालायला लागणारा पाया) शेकडो एमबी उतरतात, तेव्हा सगळ्या मशीनवर एकाच दिवशी करू नका. बाकी डेबियनच्या पॅकेजांसाठी एका मशीनवर ‘ॲप्ट-कॅशर-एनजी’ बसवा आणि बाकीच्यांना ते मशीन प्रॉक्सी (मधला मध्यस्थ) म्हणून द्या, पोर्ट 3142. एकाने उतरवलेलं पॅकेज बाकीचे तिथूनच उचलतात. नेट वाचतं हा एक फायदा; ‘माझ्या मशीनवर वेगळी आवृत्ती दिसते’ ही तक्रारही बरीच कमी होते.

कुठलं पॅकेज कुठून आलंय हे बघायला ‘ॲप्ट पॉलिसी गिम्प’. पॅकेजच्या नावाखाली पहिल्या ओळीत बसवलेली आवृत्ती, दुसऱ्या ओळीत मिळू शकणारी, खाली कुठल्या भांडारात काय आहे त्याची यादी. ‘ॲप्ट अपडेट’ देऊन झाल्यावर या दोन्ही ओळी सारख्या असतील तर तुम्ही अद्ययावत आहात, बाहेर जग 3 वर असो वा 30 वर. खालच्या यादीत डेबियनच्या पत्त्याऐवजी भलताच पत्ता दिसला तर कुणीतरी काहीतरी जोडलंय. नवशिक्याला मी ही एकच कमांड पाठ करायला लावतो. शेजारच्या शाळेत उबंटू असेल तर तिथे फायरफॉक्सची आवृत्ती ‘1:1स्नॅप1’ दिसेल. घाबरू नये, ते पोकळ पॅकेज आहे, खरा फायरफॉक्स स्नॅपमधून (उबंटूची फ्लॅटपॅकसारखी सोय) येतो आणि ‘स्नॅप लिस्ट’मध्ये दिसतो. फेडोरात कल्पना हीच, चिन्हं थोडी वेगळी. आर्चसारख्या सतत बदलत्या वितरणावर शाळेची लॅब चालवू नये, हे माझं मत आहे आणि त्यावर मी वाद घालायला तयार आहे.

‘ॲप्ट-मार्क होल्ड’ने आवृत्ती गोठवता येते असं कुणीतरी सुचवेलच. येते. पण त्याबरोबर सुरक्षेच्या दुरुस्त्याही गोठतात आणि गोठवणारा वर्षभरात विसरतो. गोठवलंच तर ‘ॲप्ट-मार्क शोहोल्ड’ची यादी लॅबच्या रजिस्टरमध्ये लिहून ठेवा.

राहिला सोपं करण्याचा मूळ प्रश्न. सॉफ्टवेअर सेंटर बनवणाऱ्यांकडे माझं मागणं असं की मोठ्या अक्षरात मूळ प्रकल्पाचा आकडा, आणि त्याखाली दोन साधी वाक्यं दाखवावीत: ‘शेवटची सुरक्षा-दुरुस्ती अमुक तारखेला’ आणि ‘दुरुस्त्या मिळतील अमुक तारखेपर्यंत’. ही माहिती भांडारांकडे असते. नवशिक्याच्या डोळ्यासमोर ती येत नाही, एवढीच खोट आहे. ते होईपर्यंत तुम्हीच लॅबच्या दारावर कागद लावा. त्यावर पॅकेजांचे आकडे लिहू नका. लिहा: ‘डेबियन 12, बुकवर्म, आलं जून 2023, दुरुस्त्या जून 2028 पर्यंत’. शेवटची दोन वर्षं दीर्घ पाठिंब्याच्या गटाकडून, हे कंसात.

डेबियन 13 ऑगस्ट 2025 मध्ये आलंय, त्यात गिम्प 3 आहे. जायचं असेल तर दहावीची परीक्षा आटोपल्यावर जा. गणेशचवथीच्या सुट्टीत लॅब मोकळी असते हे खरं, पण पावसात लाईट जाते, आणि अपग्रेड अर्ध्यावर असताना गेली तर ‘डीपीकेजी --कॉन्फिगर -ए’ देत बसावं लागतं. त्याआधी प्रत्येक मशीनवर ‘यूनेम -एम’ देऊन बघा. ‘एक्स86_64’ आलं तर ठीक. ‘आय686’ आलं तर तिथे 32 बिटचं कर्नल आहे, आणि डेबियन 13 मध्ये 32 बिट पीसीसाठी इन्स्टॉलरही नाही, कर्नलही नाही. अशा मशीनवर ‘एलएससीपीयू’ द्या. ‘सीपीयू ऑप-मोड’च्या ओळीत 64 बिट लिहिलेलं असेल तर प्रोसेसर चालेल, पण अपग्रेड करत बसू नका, फाइलींची प्रत काढून 13 नव्याने बसवा. फक्त 32 बिट असेल तर ते मशीन 12 वरच ठेवा आणि दारावरच्या कागदावर त्याचा नंबर वेगळा लिहा.